माझ्या प्रोफाइलवरचे शुभेच्छुक

इंटरनेटवर माझं नाव शोधलं तर सगळ्यात आधी माझ्या सासऱ्यांचा गॉगल घातलेला फोटो येतो. त्याच फोटोत मीसुद्धा आहे, पण जरा खाली, गुलाबाच्या पाकळ्यांत. हे असं कसं झालं, असं विचारणारे बरेच भेटतात. प्रत्येकाला नव्यानं सांगताना मला नव्यानं लाज वाटते, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

मी खोपोलीतल्या एका छोट्या कारखान्यात डिस्पॅचला होते. कारखाना पुठ्ठ्याची खोकी बनवायचा. डिस्पॅच म्हणजे कुठला माल कुठल्या गाडीत भरायचा, गाडी कधी सुटली, ड्रायव्हर फोन का उचलत नाही, हे सगळं बघणारं खातं. बरीच वर्षं मी तेच केलं आणि मला ते चांगलं येतही होतं. मग एके दिवशी आमच्या शेठनी सगळ्यांना केबिनमध्ये चहाला बोलावलं. (आमचे शेठ स्वतःहून चहा पाजतात तेव्हा काहीतरी वाईटच असतं.) कारखाना गुजरातला हलवायचं ठरलं होतं.

"ज्यांना यायचं त्यांनी आनंदानं या," शेठ म्हणाले. "नाही तर दोन-तीन महिन्यांत दुसरीकडे बघा."

भिसेगावातलं घर, दहावीतली मुलगी, ह्यांचा टेंपो आणि सासू-सासरे एवढं सगळं उचलून मी गुजरातला कुठे जाणार? ह्यांच्या टेंपोला भाडं मिळालं तर मिळालं. घरात महिन्याच्या महिन्याला खात्रीनं येणारा पगार माझाच होता. तेव्हा दुसरी नोकरी शोधणं भाग होतं, आणि ती कशी शोधतात हे मी पार विसरले होते.

आमच्या ऑफिसात स्नेहल नावाची मुलगी होती. पंचविशीची, हुशार, आणि तिला दुसरी नोकरी आधीच लागलेली, त्यामुळे ती सल्ले द्यायला मोकळी होती. तिनं माझं पूर्ण नाव मोबाइलवर टाकलं आणि बराच वेळ बोट वर-खाली केलं.

"ताई, तुम्ही कुठेच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या नावाचं वसईला एक ब्यूटी पार्लर आहे. एक बाई आहेत, त्यांना रांगोळीत बक्षीस मिळालंय. तुम्ही नाही."

"मी इथे आहे ना, तुझ्यासमोर."

"इथे असून काय उपयोग? कंपनीवाले हल्ली आधी नाव शोधतात. तिथे दिसलात तर बोलावतात."

मग तिनं मला नोकरीवाल्यांच्या एका साइटवर खातं उघडून दिलं. काय काम केलंत ते लिहा. काय काय येतं ते लिहा. ओळखीची माणसं जोडा आणि त्यांच्याकडून आपल्या कामाबद्दल दोन चांगले शब्द लिहून घ्या. फोटो साधा टाका, चेहरा दिसेल असा. "हळदीतला नको हां," ती म्हणाली. आता माझ्याकडे सगळे फोटो हळदीतलेच होते. आमच्याकडे हळदीला जेवढी माणसं जमतात तेवढी लग्नालाही जमत नाहीत, त्यामुळे फोटो निघतात ते तेव्हाच. प्रत्येक फोटोत माझ्या हातात ताट आणि तोंडात घास होता.

इथे माझी बुद्धी चळली. फोटोसाठी मी बाळूकडे गेले.

बाळू म्हणजे माझा धाकटा दीर. कर्जत स्टेशनजवळ त्याचं बॅनर छापायचं दुकान आहे. कर्जत-खोपोली रस्त्यानं तुम्ही कधी गेला असाल तर त्याचं काम तुम्ही बघितलेलं आहे, बघायचं नव्हतं तरीसुद्धा. वाढदिवस, बारसं, कुठल्यातरी समितीवर निवड, शर्यतीत पहिली आलेली बैलजोडी, आमच्याकडे कशाचाही बॅनर लागतो. ज्याचा मान त्याचा मोठा फोटो, आणि खाली ओळीनं सगळे शुभेच्छुक. ही खालची ओळ फार जपावी लागते. आमच्या चुलत सासऱ्यांचा फोटो एकदा एका बारशाच्या बॅनरवर राहून गेला होता. ते मूल आता शाळेत जातं, पण काकांनी अजून त्याचं तोंड बघितलेलं नाही.

"बाळू, मला एक साधा फोटो करून दे," मी म्हटलं. "नोकरीसाठी हवाय."

"साधा कशाला वयनी? जोरात करू."

"जोरात नको. साधा."

"बरं. साधाच, पन जोरात करू."

त्यानं हळदीच्या फोटोतून माझं डोकं कापलं, तोंडातला घास पुसला (हे त्यानं खरोखर सफाईनं केलं, मान्य करायला हवं) आणि ते डोकं एका काळ्या कोटावर बसवलं. कोट पुरुषी होता. एक हात छातीशी धरलेला, हातात जाडजूड घड्याळ, आणि मनगटावर केस.

"हा हात कुणाचा रे?"

"सगळ्यांचाच हाय तो. तालुक्यातले निम्मे सरपंच याच कोटात बसवलेत मी. आजपातूर कुनाची तक्रार नाय."

"माझी आहे. ते केस पूस आधी."

त्यानं केस पुसले. मग म्हणाला, "आता त्या साइटच्या मापात बसवायला तुजा पासवर्ड लागंल." मला खोपोलीची गाडी पकडायची घाई होती. मी पासवर्ड सांगितला आणि पळाले.

दुसऱ्या दिवशी स्नेहलनं मोबाइल माझ्यासमोर धरला. माझ्या प्रोफाइलवर जी वरची रुंद पट्टी असते, जिथे शहाणी माणसं डोंगर नाहीतर पुस्तकांचं कपाट टाकतात, तिथे बाळूनं बॅनर लावला होता. सोनेरी किरणं. दोन्ही बाजूंना डरकाळी फोडणारा वाघ. ठळक अक्षरांत 'डिस्पॅच क्षेत्रातील वाघीण, आमच्या लाडक्या वंदनाताई'. त्या अक्षरांच्या वर आदरस्थान म्हणून माझे सासरे, म्हणजे अण्णा. पांढरी टोपी, काळा गॉगल आणि कानाला मोबाइल. (अण्णांना मोबाइलवर काही ऐकू येत नाही. तो नुसता फोटोपुरता.) खाली पाकळ्यांत, कोट घालून, मी. माझ्याखाली ओळीनं सासूबाई, हे, बाळू, बाळूची बायको, काका, काकू, आणि शेवटी काकांची बैलजोडी. तळाला लिहिलं होतं, 'शुभेच्छुक : समस्त परिवार, भिसेगाव'.

"ताई," स्नेहल हळूच म्हणाली, "तुम्ही निवडणुकीला उभ्या आहात का?"

मी घरी आले ती तावातावानंच. बाळू जेवायला बसला होता.

"काढ ते सगळं. आत्ताच्या आत्ता."

"काढतो ना वयनी. फक्त पयलं कोनाला काढू ते सांग."

मी अण्णांपासून सुरुवात करणार होते. बाहेर ओटीवर अण्णा मोबाइल हातभर लांब धरून तोच फोटो शेजारच्यांना दाखवत होते. "आमच्या सूनबायचा हाय," ते सांगत होते. "सगल्या कंपन्यांना दिसतो म्हनं." त्यांचा आवाज इतका भरून आला होता की त्यांचा फोटो काढा असं म्हणायला माझी जीभ उचलेना.

"काकांना काढ," मी आवाज खाली आणून म्हटलं.

"बारशाचं इसरलीस?"

"मग निदान बैल तरी काढ."

"बैल काकांचेच हायत ना. मानसापेक्षा त्यांना बैल जास्त लागतात."

तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या सासूबाई भिंतीला सांगावं तसं बोलल्या, "माजा फोटू एवढुसा, आन काकूचा केवढा मोटा. मी काय म्हनतेय का? मी काय नाय म्हनत." बाळूनं जेवता जेवता डाव्या हातानं मोबाइल घेतला आणि पाच मिनिटांत सासूबाईंना मोठं केलं. मी फोटो उतरवायला गेले होते आणि सासूबाई दुप्पट करून परत आले.

पुढे तर आणखी शोभा झाली. ओळखीच्या माणसांकडून दोन चांगले शब्द लिहून घ्यायचे असतात, हे मी जेवताना बोलून गेले होते. बाळूनं घरातल्या सगळ्यांची खाती उघडली. अण्णांनी लिहवून घेतलं, 'सूनबाई पहाटे उठते. कामाचा कंटाळा नाही. भाकरी जरा जाड करते.' सासूबाईंनी लिहवलं, 'तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवत नाही.' काकांनी लिहिलं, 'खोपोलीत एकच वाघीण, बाकी सगळ्या शेळ्या.' हे माझ्या ऑफिसातल्या बायकांनीही वाचलं आणि त्यानंतर डबा खाताना माझ्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. आमच्या ह्यांनी नुसता अंगठा टाकला. लग्नानंतर इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल त्यांनी एवढं पहिल्यांदाच मत दिलं होतं.

तुम्ही विचाराल, मी ते खातं बंद का नाही केलं. इथे खरी लाज आहे. माझं पान रोज किती लोकांनी बघितलं याचा आकडा साइटवर येतो, आणि आठवडाभरात तो स्नेहलच्या आकड्याच्या पुढे गेला होता. मी दिवसातून चार वेळा तो बघायची. वाघांची आता मला सवय होत चालली होती. तो कोटही मला बरा दिसतो, असं एकदा आरशासमोर वाटून गेलं.

आणि एका दुपारी फोन आला. खालापूरच्या हायवेजवळ एका मोठ्या कंपनीचं गोडाऊन आहे, तिथे डिस्पॅच सुपरवायझर हवा होता. शुक्रवारी मुलाखत. ही जागा मिळाली तर भिसेगावातून जाऊन-येऊन करता येणार होतं आणि घर जसं आहे तसं चालणार होतं. घरी मी फक्त ह्यांना सांगितलं.

"अहो, कुणाला बोलू नका हां. होईपर्यंत गप्प बसा."

"मी कशाला बोलतोय?" हे म्हणाले. ते खरंच कुणाला बोलले नाहीत. फक्त बाळूला बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या किरणांसकट नवा बॅनर लागला. 'नामांकित कंपनीत सुपरवायझरपदी निवड झाल्याबद्दल वंदनाताईंचे हार्दिक अभिनंदन.' मी गाडीतूनच बाळूला फोन लावला.

"अरे, अजून मुलाखत व्हायचीय!"

"वयनी, बॅनर आदी लावला की काम व्हतं. त्या आपल्या सरपंचाचा बी निकालाच्या आदीच लावला व्हता."

"तो पडला ना?"

"पडला. पन बॅनर लय गाजला."

मी ऑफिसात पोचले तर शेठनी चहा सांगितलेला होता. "अभिनंदन वंदनाताई," शेठ म्हणाले, "अहो, तुम्ही माझं मोठं काम हलकं केलंत. आधी कुणाला मोकळं करायचं हेच मला सुचत नव्हतं. आता तुम्ही उद्यापासून आला नाहीत तरी चालेल." 'शेठ, निवड झालेली नाही' असं सांगायला मी तोंड उघडलंच होतं, पण तेवढ्यात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डबा खाताना लांब बसणाऱ्या बायकांनी तर जरा जास्तच जोरात वाजवल्या. आणि मी हसून मान डोलावली. वर 'तुम्हा सर्वांचे आशीर्वाद' असंही म्हणाले. मिळालेली नोकरी नव्हती आणि असलेली गेली होती, आणि मी पेढे आणायचं कबूल करून घरी आले.

शुक्रवारी माझं सगळं त्या एका मुलाखतीवर होतं. सकाळी मी साडी नेसून बाहेर आले तर ह्यांच्या टेंपोत सासूबाई पुढे बसलेल्या आणि मागे हौद्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर अण्णा. टोपी, गॉगल, सगळं जागच्या जागी.

"तुम्ही कुठे निघालात?"

"पयल्यांदा जातेस," अण्णा म्हणाले, "घरचं मानूस सोबत पायजे."

वाटेत मी सगळ्यांना बजावलं की नाक्यावर झाडाखाली थांबा, गेटवर येऊ नका.

"का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"तिकडे सावली नाही."

सावली भरपूर होती, हे मला नंतर दिसलं, पण ते कारण नव्हतंच. हौद्यात खुर्ची टाकून बसलेला माणूस माझा सासरा आहे, हे त्या काचेच्या ऑफिसातल्या लोकांना दिसू नये, असं मला वाटत होतं. हे लिहितानाही मान खाली जाते, पण तसं वाटत होतं हे खरं आहे.

साठे नावाचे साहेब मुलाखत घेत होते. केस पिकलेले, शांत, एकेक शब्द तोलून बोलणारे. त्यांच्या टेबलावर दोन पडदे होते. एकावर गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्र चालू होतं. दुसरा त्यांनी माझ्याकडे वळवला. त्यावर वाघ होते.

"हे गृहस्थ कोण?" त्यांनी अण्णांच्या गॉगलवर पेन टेकवलं.

खरं सांगायला मला चार शब्द पुरले असते. पण साहेबांच्या ओठांच्या कोपऱ्यात मला हसू दिसलं आणि मी घाबरले.

"सर, माझं खातं हॅक झालं होतं."

"अरे. आणि ही बाकीची माणसं?"

"मी ओळखत नाही सर. कुणीतरी टाकलीत."

"या आजी बऱ्याच मोठ्या दिसतायत."

"त्यांनाही नाही ओळखत."

"बैल?"

"बैलसुद्धा नाही सर."

"पोलिसांत कळवलंत?"

"हो, तक्रार दिलीय ना." एकदा घसरल्यावर मला थांबताच येईना. मी तर पुढे 'तपास चालू आहे' असंही म्हणाले.

साहेबांनी मान हलवली आणि कामाचे प्रश्न सुरू केले. ते मला सगळे आले. एका गाडीत तीन पार्ट्यांचा माल असेल तर कुणाचा आधी भरायचा, घाटात ट्रॅफिक असेल तर काय करायचं, सगळं मी घडाघडा सांगितलं. साहेब खूश दिसले. "छान. सर्टिफिकेटं बघू," ते म्हणाले.

मी पिशवीत हात घातला. फाईल नव्हती. ती टेंपोत सीटवर राहिली होती. मी पिशवी उलटी करत असतानाच टेबलावरचा फोन वाजला. साहेबांचे हात कागदांत होते, त्यांनी स्पीकर लावला.

"सर, गेटवरून बोलतोय," रखवालदार म्हणाला. "एक आजोबा-आजी आलेत. वंदना मॅडमची फाईल आणलीय म्हणतात."

साहेबांनी कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघितलं. मग माझ्या प्रोफाइलकडे. मग परत कॅमेऱ्याकडे. दोन्ही पडद्यांवर तीच टोपी आणि तोच गॉगल होता. कॅमेऱ्यातल्या अण्णांच्या हातात माझी फाईल होती, आणि सासूबाईंनी ती धुळीनं मळू नये म्हणून तिच्यावर पदर धरला होता.

"मॅडम," साहेब अगदी गंभीरपणे म्हणाले, "तुमचे हॅकर आले."

मला वाटलं, आता हसतील आणि विषय संपेल. पण त्यांनी फोनमध्ये सांगितलं, "त्यांना बसवून ठेव. या मॅडमनी त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिलीय. त्या म्हणतात, त्यांना ओळखत नाहीत."

रखवालदारानं ते शब्दन् शब्द तिकडे सांगितलं. स्पीकरवर मला ऐकू आलं. पडद्यावर अण्णांनी गॉगल काढला, रुमालानं पुसला आणि परत घातला. खुर्चीसकट जमिनीत गेले असते तर बरं, असं मला वाटत होतं. आता अण्णा भडकणार, साऱ्या गोडाऊनला ऐकू जाईल असे ओरडणार, हेही मला ठाऊक होतं. त्यांनी ओरडावं असंच मला वाटत होतं.

"कंची मॅडम?" अण्णांचा आवाज आला. अगदी थंड. "आमी बी नाय वळखत. फाईल रस्त्यात पडली व्हती. नाव लिवलं व्हतं वर, म्हनून आनून दिली."

"हां," सासूबाई मागून म्हणाल्या, "आमी कशाला वळखू? पन पोरगी गुनाची हाय. घ्या तिला कामाला."

"आजी, ओळखत नाही म्हणता ना?" रखवालदार.

"वळखत नाय म्हनून काय झालं? दिसतं की मानसाकडं बगून."

"तुम्ही त्यांना बघितलंय कुठे?"

"भाकरी जाड करते, एवढं एक सोडलं तर काय वाईट नाय," सासूबाई म्हणाल्या, आणि अण्णांनी त्यांना कोपरानं ढोसलेलं मला पडद्यावर दिसलं.

मी रडायला लागले. मुलाखतीत रडू नये, असं स्नेहलनं सांगितलं नव्हतं, पण ते सांगायची गरज नसावी.

"सर, ते माझे सासरे आहेत. त्या सासूबाई. ओळीतले सगळे माझ्या घरचेच आहेत. बैल चुलत सासऱ्यांचे."

"आणि हॅक कुणी केलं?"

"पासवर्ड मीच दिला होता सर."

"पोलीस?"

"कुठले पोलीस सर."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "डिस्पॅचला बसलात आणि तुमच्या चुकीनं गाडी उशिरा निघाली, तर पार्टीला काय सांगाल? हॅक झाली?"

"उशिरा निघाली असंच सांगेन सर." मी नाक पुसलं. "आता तर नक्कीच."

"कळवतो," ते म्हणाले.

बाहेर आले तेव्हा दोघं रखवालदाराच्या बाकावर बसून त्याच्याच बाटलीतलं पाणी पीत होते. मला बघून दोघांनी तोंडं फिरवली. मला वाटलं, रागावलेत. पण अण्णा ओठ न हलवता म्हणाले, "लांबून चल. तो रखवालदार बगतोय." मी रस्त्यापर्यंत त्यांच्या मागून, चार हात अंतर ठेवून चालत गेले, आणि टेंपोपाशी पोचल्यावर मला पुन्हा रडू फुटलं.

"अण्णा, मी सगळं खरं सांगितलं त्यांना. माझं चुकलं."

"मंग आमी उगाच खोटं बोललो," अण्णा म्हणाले आणि हौद्यात चढले. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि त्या गप्प बसतात तेव्हा मला फार जड जातं. ह्यांना तर काय झालंय हेच माहीत नव्हतं. ते आपले मला विचारत राहिले, "पेढे कुठनं घ्यायचे?"

चार-पाच दिवसांनी फोन आला. साठेसाहेबांनी आमच्या शेठना माझ्याबद्दल विचारलं होतं, आणि शेठनी काम चोख आहे असं सांगितलं होतं. मला घेतलं होतं. मी कागद आणायला गेले तेव्हा साहेबांनी एक पान वेगळं काढून माझ्यासमोर ठेवलं. उमेदवाराला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोन व्यक्तींच्या सह्या त्यावर हव्या होत्या.

"नातेवाईक चालतील का सर?"

"एरवी चालत नाहीत," साहेब म्हणाले. "तुमच्या बाबतीत तेच लागतील. ते दोघंच."

संध्याकाळी मी तो कागद घेऊन ओटीवर गेले. काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, पेन हातात घेतलं आणि सासूबाईंकडे बघितलं.

"काय गं, आपन वळखतो का हिला?"

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. आठवडाभर त्या माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या. त्यांनी चष्मा लावला, मला पायापासून डोक्यापर्यंत नीट बघून घेतलं आणि खाटेवर बसल्या.

"तोंड कुठंतरी बगितल्यासारकं वाटतं," त्या म्हणाल्या. "नाव काय म्हनालीस बाय तुजं?"

मी पदर सारखा केला आणि लग्न होऊन इतकी वर्षं ज्या घरात राहते, त्या घराच्या दारात उभी राहून माझं पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं.